पदवीनंतरची तीन वर्षे

पुण्या-मुंबईकडच्या घरांत अमेरिकेतल्या एमएसचा हिशेब मांडला जातो तेव्हा फीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. राहण्या-खाण्याचा खर्च आधी गेलेल्या कुणाला तरी विचारून धरलेला असतो आणि कर्जाचा हप्ता बँकेने लिहून दिलेला असतो. जमेच्या बाजूला मात्र बहुतेक वेळा एकच ओळ असते, ‘तीन वर्षं ओपीटी मिळते.’ घर तारण ठेवून काढलेले कर्ज फिटणार ते या ओळीच्या भरवशावर. आपल्या बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परतफेडीला अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष, एवढी सवड असते. ते वर्ष संपेपर्यंत डॉलरमधला पगार सुरू झाला नाही, तर हप्ता आईवडिलांच्या पगारातून नाहीतर पेन्शनमधून जाऊ लागतो.

एवढा भार जिच्यावर टाकला, ती ओपीटी कायद्याने काय आहे हे फार थोड्या घरांत कुणी विचारलेले असते. ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ हा नोकरीचा व्हिसा नव्हे. अमेरिकेच्या संसदेने कायदा करून परदेशी विद्यार्थ्यांना दिलेला तो हक्कही नव्हे. शिक्षणासाठी मिळालेल्या एफ-१ व्हिसाचाच तो पुढे लांबवलेला भाग आहे आणि तो लांबवला आहे सरकारी खात्याने, स्वतःच्या नियमाने. ओपीटीवर काम करणारी इंजिनीअर सकाळी कंपनीचे ओळखपत्र गळ्यात घालून ऑफिसात जात असली, तरी सरकारदरबारी ती अजून विद्यार्थिनीच असते. या व्यवस्थेतल्या बहुतेक विचित्र गोष्टी याच एका वस्तुस्थितीतून निघतात.

पहिली विसंगती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपाशीच दिसते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचे कलम २१४(ब) अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरून चालते. तसे नाही हे पटवून देणे ही अर्जदाराची जबाबदारी. म्हणून खिडकीपाशी सांगायचे, ‘शिकून परत येणार.’ त्याच आठवड्यात बँकेत सांगायचे, ‘तीन वर्षं तिथे कमावणार.’ यात मुले खोटे बोलतात असे मला वाटत नाही. व्यवस्थेनेच त्यांच्याकडून दोन वेगवेगळी उत्तरे मागितलेली आहेत, आणि ओपीटी विद्यार्थी-व्हिसाचाच भाग असल्यामुळे ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

ही मुभा वाटते त्याहून खूप जुनी आहे. १९४७ च्या नियमांत परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर व्यावहारिक प्रशिक्षणासाठी सहा महिने काम करता येत असे आणि ते वाढवत अठरा महिन्यांपर्यंत नेता येत असे. पुढे १९५२ चा मोठा स्थलांतर कायदा झाला. त्यात विद्यार्थ्याची व्याख्या आहे, पण पदवीनंतरच्या कामाबद्दल एक अक्षर नाही. तरी मुभा चालूच राहिली, कारण नियम करणाऱ्या खात्याने ती चालू ठेवली आणि संसदेने हरकत घेतली नाही. १९९२ मध्ये तिला आजचे नाव आणि बारा महिन्यांची मुदत मिळाली.

त्यानंतर सोळा वर्षे या विषयाकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. लक्ष गेले ते एच-१बी व्हिसाची दारे अरुंद झाली तेव्हा. एच-१बी हा खरा नोकरीचा व्हिसा. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा पीएचडी केलेल्यांसाठी आणखी २०,०००. एप्रिल २००७ मध्ये अर्ज उघडले आणि पहिल्या दोन दिवसांतच मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त अर्ज येऊन पडले. वर्षभराची ओपीटी संपलेल्या हुशार मुलांना एच-१बी मिळेना आणि कंपन्यांना ती मुले सोडवेनात. मार्च २००८ मध्ये बिल गेट्स यांनी प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीपुढे साक्ष देताना ही मुदत बारावरून एकोणतीस महिने करा असे सुचवले. पुढच्याच महिन्यात जॉर्ज बुश यांच्या सरकारने नेमके तेच केले. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवीधरांना सतरा महिन्यांची वाढ मिळाली. हीच ती ‘स्टेम एक्स्टेन्शन’.

पण घाई झाली होती. अमेरिकेत असा नियम करण्याआधी मसुदा जाहीर करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. तातडीचे कारण देऊन सरकारने ही पायरी गाळली. वॉशिंग्टन राज्यातल्या तंत्रज्ञान कामगारांची एक संघटना कोर्टात गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायाधीश एलन हुवेल यांनी या कारणासाठी नियम रद्द ठरवला, मात्र हजारो मुलांची नोकरी एका दिवसात जाऊ नये म्हणून सरकारला नवा नियम करायला वेळ दिला. ओबामा सरकारने या वेळी मसुदा काढला, हरकती मागवल्या, त्या वाचल्या आणि नवा नियम केला. त्यात वाढ सतराऐवजी चोवीस महिन्यांची होती. १० मे २०१६ पासून बारा आणि चोवीस मिळून छत्तीस महिने झाले. ओपीटी बंद पडावी म्हणून लढलेल्या दाव्यातून ती सात महिन्यांनी वाढली, ही त्या संघटनेला न आवडणारी पण खरी गोष्ट आहे.

संघटना पुन्हा कोर्टात गेली. या वेळी मुद्दा मुळावरचा होता: शिक्षण संपलेल्या माणसाला विद्यार्थी म्हणून कामाला लावण्याचा अधिकार खात्याला आहे तरी का? ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी ‘आहे’ असे सांगितले. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत तेव्हा ‘ओपीटी वाचली’ असे संदेश फिरले. निकालाचा अर्थ मात्र एवढाच होता की असा नियम करणे खात्याच्या अधिकारात बसते. ज्या अधिकाराने नियम केला त्याच अधिकाराने तो बदलताही येतो. जून २०२४ मध्ये प्रचाराच्या धामधुमीत डोनाल्ड ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले होते की अमेरिकेत पदवी घेणाऱ्याला पदवीबरोबर ग्रीन कार्डही आपोआप मिळायला हवे. मे २०२५ मध्ये त्यांनीच स्थलांतर सेवा खात्याच्या प्रमुखपदासाठी निवडलेल्या जोसेफ एडलो यांनी सिनेट समितीपुढे नेमके उलट सांगितले. शिक्षण संपल्यानंतर एफ-१ विद्यार्थ्याला मिळणारी कामाची परवानगीच काढून घेता यावी, असे त्यांना वाटते. एकाच सरकारातली ही दोन मते आहेत. कर्ज काढणाऱ्याने यातल्या पहिल्यावर विसंबू नये.

‘स्टेम’ म्हणजे नेमके काय, यातही मोठी गंमत आहे. अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सांकेतिक क्रमांक असतो आणि सरकारी यादीत तो क्रमांक असला तरच चोवीस महिने मिळतात. पदवीपत्रावर छापलेल्या नावाला इथे किंमत नाही. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा क्रमांक यादीत नव्हता, पण ‘अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र’ यादीत होते. मग येलसारख्या विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांनी आपला अभ्यासक्रम दुसऱ्या क्रमांकाखाली नेला. प्राध्यापक तेच, पुस्तके तीच, विद्यार्थ्याला मात्र दोन वर्षे जास्त. एमबीएवाल्यांनीही मागोमाग तेच केले. म्हणून प्रवेश घेताना विभागाला ईमेल करून हा क्रमांक लेखी मागवावा. तो विद्यापीठ देते त्या आय-२० या पात्रतेच्या कागदावरही छापलेला असतो, पण आय-२० हातात येईपर्यंत बहुतेकांनी अनामत भरलेली असते.

आता घड्याळाकडे वळू, कारण बहुतेकांची फसगत तिथे होते. ओपीटी आपोआप मिळत नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात एक अधिकारी असतो, मुले त्याला डीएसओ म्हणतात. त्याने ‘सेव्हिस’ या केंद्रीय नोंदवहीत शिफारस टाकायची, नवा आय-२० द्यायचा आणि त्यानंतर तीस दिवसांच्या आत विद्यार्थ्याने स्थलांतर सेवा खात्याकडे अर्ज करायचा. अभ्यासक्रम संपण्याआधी नव्वद दिवस ही खिडकी उघडते आणि संपल्यानंतर साठ दिवसांनी बंद होते. एकदा बंद झाली की विनंत्या, डॉक्टरांची पत्रे, काही चालत नाही. अर्ज मंजूर झाला की कामाच्या परवानगीचे ईएडी कार्ड येते. त्यावरच्या तारखेआधी एक तासही काम करायचे नाही, फुकटही नाही.

या कार्डावरच्या तारखेपासून दुसरे घड्याळ सुरू होते आणि ते उलटे चालते. पहिल्या बारा महिन्यांत सगळे मिळून नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. शनिवार-रविवार, नाताळची सुट्टी, सगळे मोजले जाते. स्टेमची वाढ मिळाली की आणखी साठ दिवस मिळतात, म्हणजे तीन वर्षांत एकूण दीडशे. नोकरी शिकलेल्या विषयाशी संबंधित हवी आणि आठवड्याला किमान वीस तासांची हवी. पहिल्या वर्षात बिनपगारी किंवा स्वतःच्या व्यवसायातले काम चालते, पुढच्या दोन वर्षांत नाही. आणि इथे ‘बेकार’ म्हणजे कागदावर बेकार. काम मिळाले, पगार सुरू झाला, पण मालकाचे नाव सरकारी पोर्टलवर टाकायचे राहिले, तर सेव्हिसच्या लेखी दिवस मोजले जातच असतात. मे २०२५ मध्ये मालकाची नोंद नसलेल्या अनेक ओपीटीधारकांना थेट इशारापत्रे गेली. नोंद दुरुस्त करायला पंधरा दिवस दिले होते. त्यातल्या बऱ्याच जणांकडे नोकरी होती, फक्त एक रकाना रिकामा होता.

स्टेमच्या दोन वर्षांत मालकावरही जबाबदारी येते. कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी पडताळणी योजनेत असावी लागते. आय-९८३ नावाच्या फॉर्मवर ती या मुलाला काय शिकवणार, कोण शिकवणार, प्रगती कशी मोजणार हे लिहून द्यावे लागते. बहुतेक कंपन्यांत हा फॉर्म मुलगाच भरतो आणि मॅनेजर सही करतो, हे उघड गुपित आहे. तरी त्या फॉर्मकडे दुर्लक्ष करू नये. सरकारच्या दृष्टीने तुम्ही नोकरी करत नसून प्रशिक्षण घेत आहात, याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो.

नव्वद दिवसांच्या या धाकातूनच एक बाजार उभा राहिला. साठाव्या-सत्तराव्या दिवशी घामाघूम झालेल्या मुलाला एखादी ‘कन्सल्टन्सी’ फोन करते. आमच्या नावावर रुजू हो, म्हणते. प्रोजेक्ट मिळेपर्यंत ‘बेंच’वर बस, पगार नाही, पण पोर्टलवर नाव लागेल. रिझ्युमेमध्ये पाच वर्षांचा अनुभव आम्ही घालू. यातल्या काही कंपन्या खरोखर प्रोजेक्ट मिळवून देतात, हे नाकारता येत नाही. पण खोट्या अनुभवाचा रिझ्युमे आणि नसलेल्या नोकरीची नोंद हे दोन्ही फसवणुकीत मोडतात आणि ते उकरून निघतात पाच-सात वर्षांनी, ग्रीन कार्डच्या टप्प्यावर. तोपर्यंत ती कन्सल्टन्सी बहुधा बंद झालेली असते.

याहून मोठा सापळा ‘पहिल्या दिवसापासून सीपीटी’चा. ओपीटी संपली, एच-१बी लागला नाही, तर दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात पुन्हा मास्टर्सला नाव घालायचे आणि शिक्षण चालू असतानाच्या प्रशिक्षणाच्या नावाखाली पूर्णवेळ नोकरी चालू ठेवायची. नियमाच्या काठावरून जाणारी ही वाट काही ठिकाणी काठ सोडून थेट खड्ड्यात उतरते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातली ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी बनावट निघाली आणि तिथल्या काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायांत पाळतीची इलेक्ट्रॉनिक कडी अडकवली गेली. २०१९ मध्ये उघडकीस आलेली मिशिगनमधली युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन तर स्थलांतर अंमलबजावणी खात्यानेच उभारलेली होती. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत, पण संकेतस्थळ आणि मान्यतेची नोंद मात्र व्यवस्थित. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच १२९ भारतीय विद्यार्थ्यांना अटक झाली. ते सगळे निष्पाप होते असे मी म्हणणार नाही. वर्ग भरतच नाहीत हे कुणालाही कळले असते. पण सरकारने मान्यतेच्या यादीत नाव घालून फी घेतली, ही गोष्टही तितकीच खटकते. फी परत मागणारा दावा खालच्या कोर्टाने फेटाळला होता. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो पुढे चालवायला परवानगी दिली.

कंपन्यांना ओपीटीवाले आवडतात, त्यामागे एक कारण करांचेही आहे आणि विरोधक तेच सर्वांत जास्त उगाळतात. अमेरिकेत पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी ७.६५ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालकही भरतो. एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्याला साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षे हे दोन्ही माफ असते, कारण तो विद्यार्थी आहे. म्हणजे त्याच पगारात अमेरिकी पदवीधर ठेवण्यापेक्षा ओपीटीवाला थोडा स्वस्त पडतो. विरोधकांचा हा मुद्दा मला बिनबुडाचा वाटत नाही. कुणाच्या पगारातून चुकून ही कपात झाली तर ती परत मागता येते. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना हे माहीत नसते आणि लहान कंपन्यांच्या पगार विभागांनाही नसते.

तीन वर्षांचे खरे मोल कळते ते मार्च महिन्यात. एच-१बीसाठी दर मार्चमध्ये नोंदणी होते, सोडत निघते आणि नाव लागले तर १ ऑक्टोबरपासून व्हिसा सुरू होतो. बारा महिन्यांच्या ओपीटीत ही संधी जेमतेम एकदा मिळते, छत्तीस महिन्यांत साधारण तीनदा. २०२३ च्या सोडतीसाठी ७,८०,८८४ नोंदण्या झाल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक अशा लोकांच्या होत्या, ज्यांची नावे एकापेक्षा जास्त कंपन्यांनी घातली होती. पुढच्या वर्षापासून माणूस एकदाच मोजायचा असे ठरले आणि आकडा झपाट्याने उतरला. २०२५ मध्ये पात्र नोंदण्या साडेतीन लाखांच्या खाली आल्या. सरळ मार्गाने एकच नोंदणी करणाऱ्या मुलांसाठी एवढी चांगली बातमी बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

ती फार टिकली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचा आकार लागला. अमेरिकेतच राहून एफ-१ वरून एच-१बीवर जाणाऱ्याला तो लागू नाही, असा खुलासा महिन्याभराने आला. पण मधल्या काळात किती घरांत झोप उडाली असेल याचा अंदाज करता येतो. त्यानंतर सोडतीचे स्वरूपच बदलले. फेब्रुवारी २०२६ अखेरपासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे पगाराची पातळी जितकी वरची, तितक्या जास्त चिठ्ठ्या: चौथ्या पातळीला चार, पहिलीला एक. नुकतीच पदवी घेतलेली मुले बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पातळीवर असतात. त्यामुळे तीन संधी मिळाल्या तरी प्रत्येक संधीची किंमत घटली आहे. ‘मोठा पगार मिळेल तिथे जा’ हा काकांचा सल्ला आता व्हिसाच्या नियमातही बसतो.

भारतीयांच्या दृष्टीने हा विषय केवढा आहे ते एका आकड्यावरून कळेल. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त आणि २००९ नंतर प्रथमच चीनपेक्षा जास्त. त्यातले ९७,५५६ वर्गात बसत नव्हते, ओपीटीवर काम करत होते.

ब्रिटनने हाच प्रश्न उलट्या टोकाने सोडवला आहे. तिथला ‘ग्रॅज्युएट रूट’ हा वेगळा, स्वतंत्र व्हिसा आहे. नोकरी हातात असावी लागत नाही, विषयाशी संबंध लागत नाही, बेकारीचे दिवस कुणी मोजत नाही आणि मालकाची सहीही लागत नाही. मास्टर्सनंतर दोन वर्षे, पीएचडीनंतर तीन. मोकळीक मोठी, पण भरवसा तिथेही नाही. २००८ पासून मिळणारी दोन वर्षांची मुभा थेरेसा मे गृहमंत्री असताना एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली आणि भारतीय विद्यार्थ्यांची ब्रिटनकडची रांग आटली. जुलै २०२१ मध्ये नव्या नावाने ती परत आली आणि रांगही परत आली. २०२४ मध्ये सरकारच्याच सल्लागार समितीने ती चालू ठेवा असे सांगितले. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने दोन वर्षांची दीड वर्षे केली.

ही कपात १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना लागू आहे. मोजली जाते ती व्हिसाच्या अर्जाची तारीख. प्रवेश कधी घेतला, फी कधी भरली, याला महत्त्व नाही. सप्टेंबर २०२६ मध्ये मँचेस्टरला एक वर्षाच्या एमएस्सीला बसणाऱ्याचा निकाल २०२७ मध्ये लागेल. त्याला एजंटाने दोन वर्षांचे माहितीपत्रक दाखवले असेल, तरी बँकेच्या हिशेबात त्याने अठराच महिने धरावेत.